‘लाफ्ट ॲट बाय’ बरोबर कसं? फ्रेझल व्हर्ब आणि पॅसिव्ह व्हॉइस

प्रश्न: मुलगी दहावीत आहे. पेपरात ‘एव्हरीवन लाफ्ट ॲट हिम’ या वाक्याचं पॅसिव्ह करायचं होतं. तिनं ‘ही वॉज लाफ्ट बाय एव्हरीवन’ असं लिहिलं आणि गुण गेले. बाई म्हणाल्या, ‘लाफ्ट ॲट बाय’ हवं होतं. दोन प्रिपोझिशन अशी लागोपाठ कशी चालतात? शिवाय ‘द कार वॉज ब्रोकन डाउन’ चूक आणि ‘द डोअर वॉज ब्रोकन डाउन’ बरोबर, असंही वाचलं. यामागे काही नियम आहे की नुसतं पाठांतर करायचं?

उत्तर: बाईंचं बरोबर आहे. ‘ही वॉज लाफ्ट ॲट बाय एव्हरीवन.’ ‘ॲट’ आणि ‘बाय’ शेजारी आले म्हणून कानाला खटकतात, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ‘ॲट’ आहे ‘लाफ्ट’चा आणि ‘बाय’ आहे ‘एव्हरीवन’चा. क्रियापद आणि असा छोटा शब्द यांची जी जोडी जमते, तिलाच इथे फ्रेझल व्हर्ब म्हटलं आहे. वाचताना ‘लाफ्ट ॲट’ हे एका दमात म्हणायचं, किंचित थांबायचं आणि मग ‘बाय एव्हरीवन’ म्हणायचं. मुलांना मी असं मोठ्यानं वाचायला लावतो. अर्ध्या वर्गाची शंका तिथेच मिटते.

आता ही चूक मराठी मुलं इतक्या हमखास का करतात ते पाहू. आपण म्हणतो, ‘सगळे त्याला हसले.’ यातला ‘ला’ नामाला चिकटलेला आहे. नाम जिथे जाईल तिथे तो जातो, किंवा नामाचं काम बदललं की गळून पडतो. त्यामुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की असले छोटे शब्द नामाचे. ‘ॲट हिम’ दिसलं की ‘ॲट’ हा ‘हिम’चा ‘ला’ आहे असं मूल धरून चालतं. ‘हिम’चा ‘ही’ होऊन वाक्याच्या सुरुवातीला गेला, म्हणजे आता ‘ॲट’चं काम संपलं असं समजून ते तो खोडून टाकतं. इंग्रजीत हिशेब उलटा आहे. तिथे हा छोटा शब्द नामापुढे उभा दिसला, तरी या रचनेत त्याची बांधिलकी क्रियापदाशी असते. नाम उठून पुढे गेलं तरी तो जागचा हलत नाही.

म्हणून ‘द चाइल्ड इज लुक्ट आफ्टर बाय हर ग्रँडमदर’. म्हणून ‘द डॉक्टर वॉज सेंट फॉर’, ‘द मॅटर इज बीइंग लुक्ट इन्टू’. शेवटच्या दोन वाक्यांत ‘बाय’ नाहीच, त्यामुळे ‘फॉर’ आणि ‘इन्टू’ वाक्याच्या टोकाला लोंबकळताना दिसतात. पूर्वी शाळेत ‘वाक्य प्रिपोझिशननं संपवू नका’ असं बजावलं जायचं. ते अशा वाक्यांपुरतं विसरून जा. इथे दुसरा पर्यायच नाही.

हा छोटा शब्द गाळला तर नुसती व्याकरणाची चूक होते असं नाही, अर्थच बदलतो. हॉटेलात ‘द बिल वॉज पेड’ आणि ‘द मील वॉज पेड फॉर’. बिल भरलं जातं, जेवणाचे पैसे दिले जातात. ‘द शॉप वॉज ब्रोकन इन्टू’ म्हणजे दुकान फोडून चोर आत शिरले. इथे ‘इन्टू’ काढलं तर दुकानाची मोडतोड झाली असा काहीतरी विचित्र अर्थ निघेल. ‘कॉल’चा तर संसारच मोठा आहे. ‘शी वॉज कॉल्ड’ म्हणजे तिला बोलावलं, ‘शी वॉज कॉल्ड अपॉन टु स्पीक’ म्हणजे तिला बोलण्याची विनंती झाली, आणि ‘द वेडिंग वॉज कॉल्ड ऑफ’ म्हणजे लग्न रद्द झालं.

जाता जाता सांगतो, ही सोय सगळ्या भाषांना नाही. फ्रेंच किंवा जर्मनमध्ये ‘ही वॉज लाफ्ट ॲट’ अशी रचना करता येत नाही, स्वीडिश-नॉर्वेजियनमध्ये करता येते. खुद्द जुन्या इंग्रजीतही ती नव्हती. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास ती रुळू लागली. तेव्हा मराठी मुलाला ती अनोळखी वाटली, तर त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही.

एक घोळ मात्र आपल्या शाळा स्वतःहून घालतात. पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग, असं सर्रास सांगितलं जातं. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं. पोळी असती तर ‘खाल्ली’ झालं असतं. पण याचं इंग्रजी ‘राम एट अ मँगो’, म्हणजे चक्क ॲक्टिव्ह. इंग्रजी पॅसिव्हशी ज्याची तुलना करता येईल तो आपल्याकडचा कर्मकर्तरी, ज्याला नवीन कर्मणी असंही म्हणतात: ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला.’ इंग्रजी पॅसिव्हसाठी मनात ‘-ला गेला’ किंवा सरकारी ‘-ण्यात आला’ आणा, नुसता ‘-ने’ आणि ‘-ला’ नको. एवढं केलं तरी बरीच वाक्यं सुटतात.

आता गाडी आणि दार. हा तुमच्या प्रश्नातला खरा मजेदार भाग आहे, आणि इथे मराठी अडथळा न ठरता मदतीला येते.

पॅसिव्ह करायला मुळात कर्म लागतं. ‘द कार ब्रोक डाउन’ या वाक्यात कर्म नाही. गाडी आपसूक बंद पडली. ‘द पोलिस ब्रोक डाउन द डोअर’ यात दार हे कर्म आहे, पोलिसांनी ते तोडून पाडलं. शब्द तेच, पण क्रियापदं दोन. आपल्याकडे असल्या जोड्यांना वेगवेगळी रूपं आहेत: पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे. इंग्रजीत बऱ्याचदा दोन्हींना एकच रूप असतं, म्हणून फसगत होते. तेव्हा इंग्रजी वाक्याचा अर्थ मराठीत मनात म्हणून पाहायचा. ‘पडणे’च्या जातीचं क्रियापद आलं तर पॅसिव्ह नाही. ‘पाडणे’च्या जातीचं आलं तर पॅसिव्ह होऊ शकतं. गाडी बंद पडली: नाही. दार पाडलं: होय. वाटाघाटी फिसकटल्या, ‘द टॉक्स ब्रोक डाउन’: नाही. खर्चाची फोड केली, ‘द एक्स्पेन्सेस वेअर ब्रोकन डाउन’: होय.

‘ब्लो अप’ घ्या. पूल स्फोटात उडाला, ‘द ब्रिज ब्ल्यू अप’. पूल उडवला गेला, ‘द ब्रिज वॉज ब्लोन अप’. ‘टेक ऑफ’ घ्या. विमान उडालं, ‘द प्लेन टुक ऑफ’, इथे पॅसिव्ह नाही. चपला काढून ठेवल्या, ‘द शूज वेअर टेकन ऑफ’, इथे आहे. पहिल्या जोडीत उडणे-उडवणे हा फरक मराठी क्रियापदात उघड दिसतो.

‘शट डाउन’मध्ये हा फरक कधीकधी राजकीय होतो, कारण ‘शट’चं तिन्ही काळांतलं रूप एकच. ‘द मिल्स शट डाउन’ म्हणजे गिरण्या बंद पडल्या. ‘द मिल्स वेअर शट डाउन’ म्हणजे कुणीतरी त्या बंद केल्या किंवा पाडल्या. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाबद्दल आणि त्यानंतरच्या वर्षांबद्दल इंग्रजीत लिहिताना एक ‘वेअर’ घालायचा की नाही, यावर लेखकाची बाजू कळते. मराठीत तोच वाद ‘पडल्या’ आणि ‘पाडल्या’ यांच्यात होतो.

ही कसोटी रामबाण नाही. मराठीत ‘मोडणे’ दोन्हीकडे चालतं. लग्न मोडलं आणि त्याने लग्न मोडलं. त्यामुळेच ‘द वेडिंग कॉल्ड ऑफ’, ‘द मीटिंग पोस्टपोन्ड’ अशी वाक्यं आपल्याकडे ऐकू येतात. मिटिंग रद्द ‘झाली’, यात आपल्याला कर्ता शोधावासा वाटत नाही. इंग्रजीत ‘कॉल ऑफ’ला रद्द करणारा लागतोच. त्याचं नाव सांगायचं नसेल तर ‘वॉज कॉल्ड ऑफ’ म्हणायचं. म्हणजे मराठीतलं ‘झालं’ काही वेळा इंग्रजीत पॅसिव्ह होतं आणि काही वेळा होत नाही, हे शब्दागणिक पाहावं लागतं. नेमकी उलटी चूक ‘ही वॉज पास्ट अवे’मध्ये दिसते. शोकसंदेशात तर ती फारच दिसते. ‘पास अवे’ला कर्म नाही. माणूस वारतो, त्याला कुणी वारवत नाही. ‘ही पास्ट अवे’ एवढंच पुरे.

मुलीला क्रिकेट आवडत असेल तर काम आणखी सोपं होईल. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ‘वेस्ट इंडिज वेअर बोल्ड आउट फॉर १४०’. इथे ‘बोल्ड आउट’ म्हणजे सगळा संघ बाद झाला. प्रत्येकाच्या यष्ट्या उडाल्या असा त्याचा अर्थ नाही. त्यांचा होल्डिंग शेवटी अमरनाथच्या चेंडूवर पायचीत झाला होता. यष्टी उडालेल्या एकट्या फलंदाजाला मात्र नुसतं ‘वॉज बोल्ड’ म्हणतात. ‘आउट’नं अर्थ कसा बदलला पाहा. २०१९ च्या विश्वचषकात मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात ‘धोनी वॉज रन आउट बाय गप्टिल’. यातला ‘वॉज’ काढून ‘धोनी रॅन आउट’ म्हटलं तर धोनी बाहेर पळाला असा अर्थ होईल. आणि घरात दूध संपलं तर ‘द मिल्क हॅज रन आउट’, इथे पॅसिव्ह मुळीच नाही. ‘स्टॉक हॅज बीन रन आउट’ असं दुकानाच्या पाटीवर किंवा मेलमध्ये दिसतं, ते चूक. फारच पॅसिव्ह हवं असेल तर ‘हॅज बीन यूज्ड अप’ म्हणा.

कर्म असलं म्हणजे पॅसिव्ह झालंच पाहिजे असंही नाही, आणि पाठ्यपुस्तकं नेमकी इथे गप्प बसतात. ‘आय केम अक्रॉस ॲन ओल्ड लेटर’ याचं ‘ॲन ओल्ड लेटर वॉज कम अक्रॉस’ होत नाही. ‘शी टेक्स आफ्टर हर फादर’ याचं ‘हर फादर इज टेकन आफ्टर’ होत नाही. ‘वुई वेंट टु द स्कूल’ याचं ‘द स्कूल वॉज गॉन टू’ होत नाही. का? कारण पत्र सापडण्यानं पत्राला काही झालं नाही, मुलगी वडिलांवर गेली म्हणून वडिलांना काही झालं नाही, आणि कुणी शाळेत गेलं म्हणून शाळेला काही झालं नाही. या रचनेत सब्जेक्टच्या जागी बसणाऱ्या गोष्टीला क्रियेची थोडी तरी झळ लागावी अशी इंग्रजीची अपेक्षा असते. ज्याला हसले त्याला झळ लागते. ज्या मुलाला सांभाळलं त्याचं काहीतरी बरं होतं.

‘दिस बेड हॅज बीन स्लेप्ट इन’ हे वाक्य म्हणूनच चालतं. चादर चुरगळलेली आहे, उशी दबलेली आहे, कुणीतरी झोपून गेलं आहे. पण ‘दिस बेड वॉज स्लेप्ट इन बाय माय कझन’ ऐकून इंग्रज माणूस भुवया उंचावेल, कारण तुमचा मावसभाऊ झोपल्यानं पलंगाची ओळख बदलत नाही. मुंबईतल्या मणिभवनात गांधीजींचा १९१७ ते १९३४ या काळात मुक्काम असे. तिथल्या खोलीबद्दल ‘दिस रूम वॉज वन्स स्लेप्ट इन बाय गांधीजी’ म्हटलं तर चालून जातं. त्या झोपण्यामुळे खोलीला नाव मिळालं. एकच क्रियापद, एकच रचना, आणि झोपणारा कोण यावर वाक्याचं भवितव्य! हे दहावीच्या पेपरात येणार नाही, पण मोठ्यांनी इंग्रजी लिहिताना लक्षात ठेवावं.

तीन शब्दांच्या क्रियापदांना मुलं घाबरतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन्ही छोटे शब्द सोबत न्यायचे आणि पुढे जायचं. ‘द ओल्ड रूल वॉज डन अवे विथ’, म्हणजे जुना नियम काढून टाकला. ‘शी इज लुक्ट अप टू बाय हर स्टुडंट्स.’ ‘सच बिहेव्हियर कॅनॉट बी पुट अप विथ’, म्हणजे असलं वागणं खपवून घेता येणार नाही. ‘लुक्ट अप टू बाय’मधल्या ‘अप टू बाय’चा त्रास होत असेल तर ‘शी इज रिस्पेक्टेड’ लिहावं. कुणी गुण कापणार नाही, परीक्षेत तेच क्रियापद ठेवायला सांगितलं नसेल तर.

‘टेक केअर ऑफ’ची गंमत वेगळी. यात नामही दोन दडलेली आहेत, म्हणून पॅसिव्हही दोन होतात: ‘द चिल्ड्रन वेअर टेकन गुड केअर ऑफ’ आणि ‘गुड केअर वॉज टेकन ऑफ द चिल्ड्रन’. दोन्ही बरोबर.

जी क्रियापदं तुटतात, म्हणजे ज्यांच्या दोन शब्दांमधे कर्म घुसू शकतं, त्यांच्या बाबतीत पॅसिव्ह उलट सोपं आहे. ॲक्टिव्हमध्ये ‘पुट ऑफ द मॅच’ चालतं, ‘पुट द मॅच ऑफ’ चालतं, ‘पुट इट ऑफ’ चालतं, पण ‘पुट ऑफ इट’ चालत नाही. पॅसिव्हमध्ये हा सगळा ताप संपतो, कारण कर्म आधीच पुढे गेलेलं असतं. ‘इट वॉज पुट ऑफ.’ मधे घुसायला कुणी उरलेलं नाही. आणि क्रियाविशेषणालाही मधे घुसू देऊ नका. ‘द मॅटर वॉज लुक्ट केअरफुली इन्टू’ नको, ‘वॉज केअरफुली लुक्ट इन्टू’ हवं.

आपल्याकडच्या ऑफिसांमध्ये काही खोटी फ्रेझल व्हर्ब तयार झालेली आहेत, ती पॅसिव्हमध्ये जास्त उघडी पडतात. ‘डिस्कस अबाउट’ असं काही नसतं, त्यामुळे ‘द इश्यू वॉज डिस्कस्ट अबाउट’ चूक. ‘वॉज डिस्कस्ट’ किंवा ‘वॉज टॉक्ट अबाउट’ यांपैकी एक निवडा. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ आगंतुक. ‘एम्फसाइज ऑन’मधला ‘ऑन’ही तसाच. आणि ‘ही वॉज हँडेड ओव्हर द कीज’ हे आपल्याकडे फार चालतं. त्याऐवजी ‘द कीज वेअर हँडेड ओव्हर टु हिम’ लिहा, नाहीतर सरळ ‘ही वॉज हँडेड द कीज’. ‘ही वॉज हँडेड ओव्हर’ एवढंच ऐकलं तर समोरच्याला वाटेल की त्यालाच पोलिसांच्या ताब्यात दिलं.

‘द मॅटर विल बी लुक्ट इन्टू’बद्दल माझं मत स्पष्ट आहे. वाक्य म्हणून निर्दोष, उत्तर म्हणून निरुपयोगी. कोण पाहणार आणि कधी पाहणार, दोन्ही गायब. तक्रारीला उत्तर देताना ‘वुई विल लुक इन्टू इट बाय फ्रायडे’ लिहावं. पॅसिव्ह खरं शोभतं ते जिथे करणारा महत्त्वाचा नसतो किंवा सगळ्यांना ठाऊक असतो तिथे: ‘द फ्लाइट वॉज कॉल्ड ऑफ’, ‘टू हंड्रेड वर्कर्स वेअर लेड ऑफ’. त्यातल्या त्यात बोलीभाषेत ‘वॉज’च्या जागी ‘गॉट’ येतो, विशेषतः काही वाईट घडलं असेल तर. ‘आय गॉट हेल्ड अप इन ट्रॅफिक’, ‘ही गॉट टोल्ड ऑफ’. परीक्षेत मात्र ‘वॉज’च लिहावं.

एक पुरवणी जोडतो, नाहीतर हुशार मूल तुम्हाला अडवेल. ‘अ ब्रोकन-डाउन कार’ हे बरोबर आहे, आणि विशेषतः अमेरिकेत ‘द कार इज ब्रोकन डाउन’ असंही म्हणतात. मग मघाशी चूक कसं? इथे ‘ब्रोकन-डाउन’ हे विशेषण झालं आहे, गाडीची अवस्था सांगणारं. ‘ग्रोन-अप’ तसंच. कुणी काय केलं हे त्यात नाही, म्हणून त्यांना ‘बाय’ लावता येत नाही. ‘द कार वॉज ब्रोकन डाउन बाय द ड्रायव्हर’ म्हणून पाहा, लगेच कळेल. खऱ्या पॅसिव्हमधूनही विशेषणं निघतात आणि ती छोट्या शब्दासकट निघतात. ‘अनकॉल्ड-फॉर रिमार्क’ म्हणजे नको तिथे केलेली टिप्पणी, ‘अनहर्ड-ऑफ’ म्हणजे कधी न ऐकलेलं, ‘सॉट-आफ्टर’ म्हणजे ज्याला मागणी आहे ते. छोटा शब्द क्रियापदाचाच असतो याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. विशेषण झालं तरी त्यानं साथ सोडली नाही.

राहिला उच्चार. ‘लुक ॲट मी’ म्हणताना ‘ॲट’ अगदी अस्पष्ट, जवळजवळ ‘अट’ असा होतो. पण ‘आय डोन्ट लाइक बीइंग लुक्ट ॲट’ यात नाम निघून गेल्यामुळे तो पूर्ण ‘ॲट’ म्हणून ऐकू येतो. ‘फॉर’, ‘ऑफ’, ‘टू’ यांचंही तेच. मुलीला सांगा, ‘लाफ्ट ॲट बाय’मध्ये ‘ॲट’ स्वच्छ म्हणायचा आणि ‘बाय’ पुढच्या शब्दाला जोडून घ्यायचा. आणि ‘बाय एव्हरीवन’ लिहिलंच पाहिजे का, असं ती विचारेल. एरवी बोलताना गाळलं तरी चालतं, पण व्हॉइस बदलायला सांगितलेल्या प्रश्नात मूळ वाक्यात ‘एव्हरीवन’ आहे, तेव्हा लिहावं. मूळ वाक्यात ‘समवन’ किंवा ‘दे’ असलं, जसं ‘समवन ब्रोक इन्टू द शॉप’, तर ‘बाय समवन’ न लिहिता ‘द शॉप वॉज ब्रोकन इन्टू’ एवढ्यावर थांबावं.